मराठवाड्याच्या भूमींत खनिज तेल आहे काय?

एखाद्या खेड्याच्या शिवारांत उंच लोखंडी मनोरा उभा राहिला आणि रात्रंदिवस भूमीला भोंक पाडण्याचें काम सुरू झालें, कीं गांवच्या पारावर एकच प्रश्न निघतो: 'तेल लागेल काय?' पाणी लागेल काय, हा प्रश्न मराठवाड्याच्या अंगवळणीं पडला आहे. तेलाचा प्रश्न मात्र निराळ्या आशेचा आहे. एका विहिरीनें गांवाचें दैव पालटेल, जमिनीला सोन्याचें मोल येईल, मुलांना घराजवळ नोकरी मिळेल, अशी ती आशा असते. ती कितपत खरी, आणि ज्या गांवांत ती खरी झाली त्यांनीं तिची काय किंमत दिली, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. विषय नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांचा आहे. परंतु त्याचें उत्तर शोधण्यासाठीं गोदावरीच्या प्रवाहाबरोबर तिच्या मुखापर्यंत जावें लागेल, आणि काळाच्या प्रवाहांत साडेसहा कोटि वर्षें मागें जावें लागेल.

आरंभीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. भूमीच्या पोटांत तेलाचीं तळीं किंवा वाहते झरे असतात, अशी पुष्कळांची कल्पना असते. वस्तुतः तेल असतें तें खडकांत. वाळूच्या दगडांत कणाकणांमध्यें ज्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांत तें मुरलेलें असतें. त्याचा जन्म मात्र चिखलांत होतो. समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशीं सूक्ष्म वनस्पति व जीव मरून पडतात. त्यांवर गाळाचे थर चढत जातात. आणि दोनतीन हजार मीटर गाळाच्या भाराखालीं, भूमीच्या अंतरंगांतील उष्णतेंत लक्षावधि वर्षें शिजून त्यांचें तेल व वायु बनतात. हें तेल पाण्याहून हलकें असल्यामुळें वर सरकूं लागतें. वाटेंत सच्छिद्र खडक भेटला तर त्यांत तें शिरतें, आणि त्या खडकावर अभेद्य चिकणमातीचा थर कमानीसारखा वांकलेला असला तर तेथेंच अडकून राहतें. म्हणजे जन्म देणारा गाळ, शिजविणारी उष्णता, सांठविणारा खडक आणि वरचें झांकण, ह्या चार गोष्टी एके ठिकाणीं जमाव्या लागतात. त्यांपैकीं एक जरी नसली तरी कितीही खोल गेल्यानें हातीं कांहीं लागत नाहीं. तेल हें दैवाचें देणें नव्हे. तें त्या भूमीच्या इतिहासाचें फळ आहे.

आपल्या लोकांस ह्या तेलाची ओळख प्रथम दिव्याच्या रूपानें झाली. 'राकेल' हा आपला घरगुती शब्द इंग्रजींतील 'रॉक ऑइल' ह्यापासून, म्हणजे 'खडकांतील तेल' ह्या अर्थाच्या शब्दापासून आला. अमेरिका, रशिया व ब्रह्मदेश येथून तें आपल्याकडे येई. ब्रह्मदेशांत इरावतीच्या कांठीं येनानजांव येथें इंग्रज येण्यापूर्वीं शतकाहून अधिक काळ हातानें खणलेल्या विहिरींतून तेल काढीत असत. त्या विहिरींचे मालक चोवीस वंशपरंपरागत घराण्यांतले असत. १८८६ सालीं बर्मा ऑइल कंपनी स्थापन झाली आणि लौकरच तेथें यंत्रांच्या विहिरी आल्या. घराण्यांचा हक्क आणि कंपनीचें यंत्र ह्यांची गांठ प्रथम तेथें पडली. आसामांत दिग्बोई येथें १८८९ सालीं तेल लागलें, आणि १९०१ सालीं तेथें तेलशुद्धीचा कारखाना सुरू झाला. जंगलांतील एका वस्तीचें त्यामुळें नगर झालें, आणि दिग्बोई हें नांव शाळेंतील भूगोलाच्या पुस्तकांत जाऊन बसलें.

ज्या १८८६ सालीं बर्मा कंपनी निघाली, त्याच सालीं आपल्या भूमीच्या पोटाचाही एक सौदा झाला. नांदेड आणि लातूर हीं त्या वेळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतीं. संस्थानांतील खनिजांचा शोध घेण्याचा व तीं काढण्याचा मक्ता दोन इंग्रज गृहस्थांस देण्यांत आला. त्यावर लंडनमध्यें दहा लक्ष पौंड भांडवलाची हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली. आणि भूमीवर कुदळ पडण्यापूर्वींच तिच्या भागांची खरेदी-विक्री जोरांत सुरू झाली. ह्या व्यवहारांत संस्थानचे एक बडे अधिकारी अब्दुल हक हे गुंतले होते. बोभाटा इतका झाला, कीं १८८८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटला चौकशीसाठीं समिति नेमावी लागली. पुढें ह्या कंपनीनें सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी चालविल्या, आणि तो कोळसा खराच मोलाचा ठरला. परंतु गोदावरी व मांजरा ह्यांच्या कांठच्या ज्या कुळांच्या शेतांखालचीं खनिजें ह्या मक्त्यांत गोविलीं गेलीं, त्यांस ह्या सौद्याची वार्ताही नव्हती. भूमीखालीं काय आहे हें कोणालाच ठाऊक नसतांना तिचा भाव मात्र दूरच्या पेठेंत ठरावा, ही गोष्ट तेव्हांपासूनची आहे.

स्वातंत्र्यानंतर तेलाचा शोध सरकारनें हातीं घेतला. १९५६ सालीं तेल व नैसर्गिक वायु आयोग स्थापन झाला. केशवदेव मालवीय ह्यांनीं त्याचा पाठपुरावा केला. १९५८ सालीं गुजराथेंत खंबायतजवळ लुणेज ह्या खेड्याच्या हद्दींत तेल लागलें, १९६० सालीं अंकलेश्वर येथें लागलें, आणि अंकलेश्वरच्या पहिल्या विहिरीस पंडित नेहरूंनीं 'वसुधारा' असें नांव दिलें. १९६१ सालीं कलोल येथें तेल सांपडलें. हें कलोल पूर्वीं गायकवाडांच्या बडोदें संस्थानांतील, कडी प्रांतांतलें. बडोद्याची भूस्तरविषयक पाहणी रॉबर्ट ब्रूस फूट ह्या नामांकित भूस्तरशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली होती, व तिचा ग्रंथ १८९८ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु उत्तर गुजराथेंत जिकडे पाहावें तिकडे नदीच्या गाळाचें सपाट मैदान. त्याच्या खालीं हजारों फुटांवर काय दडलें आहे हें पृष्ठभागावरून कळणें कोणत्याही शास्त्रज्ञास शक्य नव्हतें. तें कळण्यास भूकंपलहरींची मोजणी व खोल वेध हींच साधनें हवीं होतीं. ह्यावरून एक धडा घ्यावयाचा तो असा, कीं वरून दिसत नाहीं म्हणून खालीं नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. मग मराठवाड्याविषयीं तरी तसें कां म्हणावें? ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं गांवाशेजारीं तेलाची विहीर उघडते म्हणजे काय होतें, तें पाहूं.

लहानशा तेलक्षेत्रास जागा फार लागत नाहीं. कांहीं एकर जमीन सपाट करून तीवर मुरूम घालतात, जड गाड्यांसाठीं रस्ता बांधतात, आणि वेध घेण्याचा मनोरा उभा करतात. पोलादी नळ्यांच्या टोंकाशीं दांतेरी पातें बसवून तें गरगर फिरवितात; नळ्यांतून दाट चिखलाचें द्रावण दाबानें खालीं सोडतात. हें द्रावण पातें थंड ठेवतें, खडकाचा भुगा वर आणतें, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे आपल्या भारानें खालच्या वायूचा जोर दाबून धरतें. थोडें खोल गेलें कीं भोंकांत पोलादी नळ बसवून त्याच्या भोंवतीं सिमेंट ओततात, म्हणजे वरच्या थरांतील पिण्याचें पाणी आणि खालचें तेल व खारट पाणी ह्यांची मिसळ होऊं नये. हा सिमेंटचा वेढा गांवाच्या विहिरींचा खरा रक्षक होय. तो कच्चा राहिला तर त्याची झीज गांवाला सोसावी लागते. तेल लागलें तर मनोरा निघून जातो आणि त्याच्या जागीं माणसाहून उंच असा झडपांचा एक जुडगा उरतो. वर येणाऱ्या प्रवाहांत तेल, वायु व पाणी तिन्ही एकत्र असतात. तीं टाक्यांमध्यें निरनिराळीं करावीं लागतात. तेल टँकरनें किंवा नळानें जातें, वायु नळानें जातो किंवा जाळला जातो, आणि खारट पाण्याची सोय लावावी लागते; तें शेतांत किंवा ओढ्यांत सोडून चालत नाहीं. वेध घेण्याच्या काळांत कामाला माणसें पुष्कळ लागतात. उत्पादन सुरू झाल्यावर थोडीं, आणि तींही शिकलेलीं. ह्यामुळेंच विहीर गांवाजवळ असूनही तिची नोकरी गांवांतल्या तरुणास सहसा मिळत नाहीं. ज्यांस गांवाच्या नशिबाविषयीं बोलावयाचें आहे त्यांनीं प्रथम हा हिशेब मांडावा.

आतां मराठवाड्याकडे वळूं. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीवर भेगांमधून लाव्हारसाचे लोटामागून लोट वाहिले. थिजलेल्या रसाचाच आपला काळा पत्थर झाला. आज हा पत्थर सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भूमीवर पसरलेला आहे. सह्याद्रीकडे त्याचे थर फार जाड आहेत. आग्नेयेकडे ते पातळ होत जातात. नांदेड जिल्ह्याच्या टोंकास, देगलूर-बिलोलीच्या बाजूस गेलें म्हणजे हें काळें पांघरूण संपतें आणि त्याखालची अतिप्राचीन ग्रॅनाइटची भूमि उघडी पडते. मोठमोठ्या गोल शिळा एकावर एक रचल्यासारखा तेथला देखावा काळ्या पत्थराच्या मुलुखाहून अगदीं निराळा आहे. प्रश्न असा होता, कीं लातूरकडे ह्या पांघरुणाखालीं काय आहे? तीच ग्रॅनाइटची भूमि, कीं मध्यें एखाद्या लुप्त समुद्राचा गाळ?

ह्या प्रश्नाचें उत्तर एका मोठ्या दुर्दैवानें मिळालें. १९९३ सालच्या सप्टेंबरच्या ३० तारखेस, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहांटे चारच्या सुमारास औसा तालुक्यांतील किल्लारी व शेजारच्या उमरगा तालुक्यांतील सास्तूर ह्या भागांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदें झोंपेंतल्या माणसांवर कोसळलीं. आठ हजारांच्या आसपास माणसें मरण पावलीं, आणि कित्येक गांवें जमीनदोस्त झालीं. दख्खनची भूमि अढळ आहे, असा जो समज शास्त्रज्ञांतही होता, त्याला त्या पहांटे तडा गेला. ह्या भूकंपाचें कारण शोधण्यासाठीं हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेच्या पुढाकारानें किल्लारीजवळ एक खोल वेध घेण्यांत आला. तेलासाठीं तो नव्हता. परंतु तेलाच्या प्रश्नाचें त्यानें जितकें स्पष्ट उत्तर दिलें तितकें दुसऱ्या कशानेंही दिलें नसतें.

हा वेध ६१७ मीटर, म्हणजे सुमारें दोन हजार फूट खोल गेला. त्यांत प्रथम ३३८ मीटर काळा पत्थर लागला. त्याखालीं गाळाचा एक थर लागला, तो केवळ ८ मीटरांचा. आणि त्याखालीं वेध थांबेपर्यंत अडीच अब्ज वर्षांहून जुना, पट्टेदार, स्फटिकमय असा मूळचा खडक लागला. दक्षिणेंतील भूमीचा हाच पाया आहे. ज्या गाळांत तेल जन्मावें तो गाळ हजारों मीटर असावा लागतो. किल्लारीस तो ८ मीटर निघाला. ज्या उष्णतेंत तेल शिजावें ती दोनतीन किलोमीटर खोलीवर मिळते. हा थर तर साडेतीनशें मीटरांच्या आंतच संपतो. आणि त्याखालचा मूळ खडक मुळांत आगीच्या व दाबाच्या भट्टींतून निघालेला. त्यांत तेलाचा संभव नाहीं. एका वेधावरून साऱ्या जिल्ह्याचें भाकीत करूं नये, हें खरें. परंतु एका बाजूस देगलूरकडे उघडी पडलेली ग्रॅनाइटची भूमि आणि दुसऱ्या बाजूस किल्लारीच्या वेधांत लागलेला तसाच प्राचीन पाया, हे दोन साक्षीदार एकच साक्ष देत आहेत. नांदेड-लातूरच्या काळ्या पत्थराखालीं तेलाची आशा धरण्यास भूमीच्या इतिहासांत आधार नाहीं.

सर्वत्र असेंच आहे असें मात्र नाहीं. कोयनेच्या परिसरांत भूकंपांच्या अभ्यासासाठीं अनेक खोल वेध घेतले गेले. त्यांतील गोठणें येथील वेध २०१७ सालीं तीन किलोमीटरपर्यंत पोंचला. तेथें काळ्या पत्थराची जाडी बाराशें मीटरांहून अधिक भरली, आणि त्याखालीं मध्यें कसलाही गाळ न येतां थेट मूळ खडक लागला. उलट सौराष्ट्रांत लाव्हाखालीं जुने गाळाचे खडक वेधांनीं प्रत्यक्ष दाखवून दिले आहेत, आणि तापीच्या खोऱ्यांत धुळें-जळगांवच्या बाजूस तसेच जाड थर असावेत, असें भूभौतिक मोजणीवरून अनुमान निघालें आहे. तेव्हां दख्खनच्या पत्थराखालीं कोठेंच कांहीं नाहीं, असें म्हणणें जितकें चूक, तितकेंच कोठेंही कांहींही निघेल, असें म्हणणें चूक. प्रत्येक तालुक्याच्या भूमीची वंशावळ निराळी आहे.

आणि आतां गोदावरीबरोबर खालीं जाऊं. किल्लारी ज्या तेरणेच्या कांठीं आहे ती तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला मिळते, आणि गोदावरी नांदेडच्या घाटांवरून पुढें तेलंगण व आंध्र ओलांडून समुद्रास मिळते. साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं ह्याच दिशेनें लाव्हारसही वाहत गेला असावा, असें कित्येक शास्त्रज्ञांचें मत आहे; कारण राजमहेंद्रीजवळ जो काळा पत्थर आहे, तो वयानें व घटनेनें आपल्या पत्थराचा भाऊ आहे. परंतु आपला पत्थर मूळ खडकावर बसला. त्याचा हा भाऊ कोनसीमेच्या भूमींत गाळाच्या हजारों मीटर जाड थरांमध्यें सांपडला. त्याच्या खालीं समुद्राचा व प्राचीन सरोवरांचा गाळ होता. त्याच्यावर पुढें नदीनें आणखी गाळ आणून टाकला. त्या गाळांत आपल्या पठारावरून झिजून गेलेली मातीही आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ह्याच त्रिभुजप्रदेशांत नरसापूर, राजोल व अमलापुरम् ह्यांच्या आसपास नारळीच्या बागांमधून व भातशेतांमधून वेध घेतले गेले, आणि तेथें वायु लागला. एकाच नदीच्या वरच्या कांठीं कांहीं नाहीं आणि मुखाशीं वायूचे सांठे, ह्याचें कारण इतकेंच, कीं वरच्या भूमीनें आपली माती दिली आणि खालच्या भूमीनें ती सांठविली.

ज्या गांवांच्या वांट्यास हें वैभव आलें, त्यांचाही इतिहास ऐकावा. १९९५ सालच्या जानेवारींत ह्याच कोनसीमेंत पासर्लपूडी येथील एका विहिरीवरील ताबा सुटला आणि वायूनें पेट घेतला. ती आग दोन महिन्यांहून अधिक काळ जळत होती. आसपासच्या लोकांस घरेंदारें सोडून जावें लागलें, आणि मार्चच्या मध्यास ती विझली. २०१४ सालच्या जूनमध्यें नगरम् ह्या गांवीं वायु वाहून नेणारा नळ फुटला व पहांटे वस्तीवर आगीचा लोळ उठला. वीसहून अधिक माणसें दगावलीं. आसामांत बागजान येथील विहिरीचा स्फोट २०२० सालच्या मेमध्यें झाला. जूनमध्यें तिनें पेट घेतला, तेव्हां आग विझविण्यास गेलेले दोन जवान बळी पडले. हजारों लोक छावण्यांत राहिले, शेजारचें मागुरी-मोटापुंग हें पाणथळ तेलानें माखलें, आणि विहीर पुरती बंद होण्यास नोव्हेंबर उजाडला. असे प्रसंग विरळा घडतात, आणि बहुसंख्य विहिरी निमूटपणें आपलें काम करीत असतात, हें सांगणें न्यायाचें आहे. परंतु जेव्हां ते घडतात तेव्हां त्यांचा भार पडतो तो विहिरीच्या शेजाऱ्यावर. तेल ज्याच्या गाडींत जळतें त्याच्यावर नव्हे.

ह्या शेजाऱ्याचा हक्क कायद्यानें किती? अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं जमिनीचा मालक हा तिच्या पोटांतील तेलाचाही मालक असतो. आपल्याकडे तसें नाहीं. १९४८ सालच्या सप्टेंबरांत दिल्लींत जो खाणींचा कायदा झाला, तोच पुढें तेलक्षेत्रांचा कायदा म्हणून चालू राहिला, व २०२५ सालीं त्यांत सुधारणा झाली. तेल सरकारचें, शेतकऱ्यास मोबदला मिळतो तो पृष्ठभागाच्या वापराचा व पिकाच्या नुकसानीचा. जमिनीवरील तेलाचें स्वामित्वधन राज्यसरकारास मिळतें. २०१६ च्या धोरणांत तें तेलास साडेबारा टक्के व वायूस दहा टक्के धरलें आहे. त्यांतलें गांवाला काय मिळावें, हें मात्र ह्या कायद्यांत सांगितलेलें नाहीं. २०१५ सालीं कोळसा, चुनखडी वगैरे खनिजांसाठीं जिल्हा खनिज प्रतिष्ठानची तरतूद झाली, आणि खाणीमुळें बाधित झालेल्या गांवांस त्या निधींतून वांटा मिळूं लागला. परंतु तो कायदा खनिज तेलास लागू नाहीं. त्याच वर्षीं सरकारनें लहान तेलक्षेत्रांसाठीं निराळें धोरण आंखलें, आणि पूर्वीं सांपडून पडून राहिलेलीं छोटीं क्षेत्रें नव्या कंपन्यांस देण्याचा मार्ग मोकळा झाला. ह्यामुळें गांवाशेजारची विहीर ही गोष्ट पुढें वाढण्याचा संभव आहे. म्हणूनच गांवाच्या वांट्याचा प्रश्न आजच विचारणें जरूर आहे. १८८६ सालीं तो विचारणारा कोणी नव्हता.

नांदेड-लातूरच्या लोकांस ह्या सर्व इतिहासाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. पहिला उपयोग असा, कीं खोट्या आशेपासून बचाव. विंधन विहिरीच्या पाण्यावर चमकदार तवंग दिसला कीं तेल निघाल्याची आवई उठते. अशा वेळीं एक साधी परीक्षा करावी: तवंगांत काडी फिरवावी. काचेच्या कपच्यांसारखे त्याचे तुकडे होऊन ते सुटे राहिले, तर तो बहुधा पाण्यांतील लोहामुळें आलेला असतो. लगेच पुन्हां एकत्र मिळाला, तर तें तेल असावें, आणि आपल्या भागांत तें बहुधा कोणाच्या इंजिनांतून किंवा डिझेलच्या टाकींतून गळलेलें असतें. पाण्यांतून बुडबुडे येऊं लागले तर तो कुजलेल्या पाल्याचा किंवा शेणाचा वायु असण्याचा संभव अधिक. तेवढ्यावरून जमिनीचे भाव चढवून कोणी व्यवहार करूं लागला, तर १८८६ चा लंडनचा बाजार आठवावा.

दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. किल्लारीच्या वेधानें तेल दिलें नाहीं, परंतु ज्ञान दिलें. आपल्या घरांखालीं किती पत्थर आहे, त्याखालीं काय आहे, हें त्यानें मोजून सांगितलें. भूकंपशास्त्राला तें ज्ञान हवें होतें. पण तें पाण्याच्याही कामाचें आहे. काळा पत्थर पाणी धरतो तो आपल्या भेगांत आणि दोन लोटांमधल्या झिजलेल्या, सच्छिद्र थरांत. तो स्वतः सांठवण नव्हे. जितकें खोल जावें तितकें पाणी अधिक, हा समज म्हणून येथें टिकत नाहीं. २०१६ सालच्या एप्रिलमध्यें मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेव्हां लातूरच्या आसपास खोल विंधन विहिरींची कांहीं वाण नव्हती; वाण होती ती भूमींत मुरलेल्या पाण्याची. पत्थराची जाडी व त्याच्या थरांची ठेवण ज्याला कळली, त्याला आपण कोठें थांबावें हेंही कळतें.

म्हणून उद्यां मराठवाड्यांत कोणत्याही कारणानें, तेलासाठीं, भूकंपासाठीं किंवा पाण्यासाठीं, खोल वेध घेतला गेला, तर गांवानें दोन गोष्टी मागाव्या. एक, काम सुरू होण्यापूर्वीं सिमेंटच्या वेढ्याची, खारट पाण्याची आणि अपघाताच्या वेळच्या व्यवस्थेची माहिती मराठींत, गांवसभेपुढें. दुसरी, काम संपल्यावर त्या भोंकांतून काय निघालें ह्याचा हिशेब, थराथरांसह, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. तेल निघो वा न निघो, आपल्या पायांखालच्या भूमीचा इतिहास हा त्या गांवाचा ठेवा आहे. हैदराबादच्या मक्त्याच्या काळीं तो न वाचतांच विकला गेला. किल्लारीनें तो फार मोठी किंमत देऊन उघडला. आतां तो वाचण्याचा हक्क तेथें राहणाऱ्यांचा आहे.